अण्णांचा गुडघा

१

“सौम्या, यांचा गुडघा खाली जातो गं.”

सासूबाई हे बोलल्या तेव्हा मी संहिताच्या डब्यातली सफरचंदाची फोड आणखी बारीक करत होते. मला सगळंच बारीक करायची सवय. चार वर्षांच्या पोरीच्या घशात काय अडकेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. गॅसचं बटण मी दोनदा बघते, फाटकाची कडी तीनदा. आणि नेमकं हे वाक्य मी एका कानानं ऐकलं.

“कसला गुडघा, आई?”

“सिग्नलला थांबतो ना आपण, तेव्हा. पाय ब्रेकवरच असतो यांचा. पण बसल्या बसल्या गुडघा हळूच खाली जातो, आणि गाडी स्वल्प पुढं सरकते. पाय उचलून परत दाबला की थांबते.”

“ऑटोमॅटिक गाडी आहे ती. पाय सैल पडला की सरकतेच. आणि ब्रेकचा पार्ट याच महिन्यात नवा बसवलाय. बिल आहे घरात.”

“बिल असेल की. तरी जातो.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “यांना नको सांगू. म्हातारपण आलं असं मनाला लावून घेतील.”

नाही सांगितलं मी. कुणालाच नाही.

आमच्या बसवनगुडीच्या घराचा पोर्च रस्त्यापेक्षा उंच आहे. फाटकापर्यंत सिमेंटचा उतार. गाडी काढताना अण्णा, म्हणजे माझे सासरे, उतारावर ब्रेक दाबून थांबायचे आणि सासूबाई गाडीपुढून जाऊन फाटक उघडायच्या. चाळीस वर्षांची रीत. आधीच्या दोन गाड्याही अशाच निघायच्या.

त्या बोलण्याला सतरा दिवस झाले होते. फाटकाची कडी अडकली. त्या पाठमोऱ्या वाकून ती हलवत होत्या. गाडी सरकली. जोरात नाही, अगदी हळू. लोखंडी फाटक आणि बंपर यांच्यामध्ये त्या सापडल्या.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये माझ्या सासूबाई, कृष्णाबाई, गेल्या. आणि त्यांना मारलं कुणी, याचं उत्तर सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

२

पोलिसांनी अण्णांवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. वाहन खात्याचे साहेब येऊन गाडीत बसले, ब्रेकवर तीनदा धाड धाड पाय मारला आणि लिहून गेले: ब्रेक व्यवस्थित. मग काय राहिलं? एकाहत्तर वर्षांचा माणूस. ब्रेकऐवजी भलतंच पेडल दाबलं. समोरच्या मेडिकलवाल्यापासून माझ्या नवऱ्यापर्यंत सगळे हेच म्हणाले, फक्त रघुनंदन ते मान फिरवून म्हणाला.

अण्णा टेलिफोनच्या कारखान्यात तपासनीस होते. आलेला प्रत्येक सुटा भाग हातात घेऊन बघायचा आणि मगच सही करायची, यातच त्यांचं नोकरीचं आयुष्य गेलं. पहिले आठ दिवस ते एकच सांगत होते, “पाय ब्रेकवरच होता. दाबलेलाच होता. आणखी कुठं दाबू?”

तेराव्यानंतर बोलणं बदललं.

“असेल बाबा. माझंच चुकलं असेल. सोमवारी स्टेशनात जातो आणि तसं लिहून देतो. मिटवून टाका.”

जेवण जवळपास थांबलंच होतं. दुपारी सारूभाताचे चार घास, तेही संहितानं हट्ट केला तर. उरलेला वेळ उजवा पाय खुर्चीवर घेऊन त्याच्याकडे बघत बसायचे, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

गुरुवारी मी भिंतीवर लावायला सासूबाईंचा फोटो शोधत होते. सगळ्यांत चांगला होता तो आयुधपूजेचा, ऑक्टोबरमधला. पण लावता येण्यासारखा नव्हता. गाडीचं बॉनेट उघडं आणि कडेवर संहिता. एरंडेलात कालवलेल्या कुंकवात तिचं बोट बुडवून सासूबाई तिला म्हणत होत्या, “आधी ब्रेकला लाव, पुट्टी. तो माणसं वाचवतो.” पोरीनं ब्रेकच्या तेलाच्या डब्यावर असा टिळा थापला की तो ओघळून खाली गेला. मी पुसायला कापड घेतलं तर मला थांबवलं, “राहू दे गं. देवाला चालतं.”

मी फोन बंद केला आणि पहिल्यांदा नीट विचार केला. गुडघा खाली जातो. हे पेडल चुकणं नव्हे. चुकलेला पाय एकदम जातो, हळूहळू जात नाही.

मी बिल काढलं. नऊ जानेवारी. ब्रेकचा मास्टर सिलिंडर नवा बसवला. पेडल दाबलं की तेलाचा दाब चाकांपर्यंत पोहोचवतो तो हा भाग. अण्णांनीच तक्रार केली होती की पेडल मऊ लागतं.

तेवढ्यात फोन वाजला. शोरूमचा विनोदकुमार होता. गाडी घेणारा-देणारा, बिलं करणारा तोच. गोड हिंदीत म्हणाला, “मॅडम, फार वाईट झालं. सोमवारी सकाळी आमची उचलगाडी येते. तुमची गाडी आम्ही नेऊन फुकट तपासून देतो.”

“तुम्हाला कुणी सांगितलं न्यायला?”

“तुमच्या मिस्टरांनी.”

३

शुक्रवारी संहिताला शाळेतून घेऊन मी थेट शोरूमच्या वर्कशॉपला गेले. लाउंजमधला तोच निळा सोफा. नऊ जानेवारीला अण्णा आणि मी इथंच बसलो होतो.

तो दिवस मी मनात पुन्हा लावला. शेजारी एक तरुण बाई होती, छातीशी झोळीत चारेक महिन्यांचं बाळ. तिचीही तीच तक्रार, ब्रेक मऊ लागतो. मला हसून म्हणाली होती, “घरचे म्हणतात, बाळंतपणानंतर पायात जोर राहिला नाही तुझ्या.” विनोदकुमारनं एका खोक्यातून जुना सिलिंडर काढून तिला दाखवला, हा बघा तुमचा, बदलला. ती म्हणाली, टाकून द्या. दहा मिनिटांनी तो आमच्याकडे आला. हातात खोकं, त्यातून आमचा जुना सिलिंडर. अण्णा म्हणाले, “द्या, मी घरी नेतो.” जुना भाग घरी आणायचाच, हा त्यांचा कारखान्यातला नेम.

“सर, तेलकट आहे. कशाला?”

“माझा आहे म्हणून.”

विनोदकुमारचं हसू तेव्हा एक क्षण थांबलं होतं. ते मी पाहिलं होतं. पाहते मी सगळंच. उपयोग करत नाही.

आज मात्र तो तयारीत होता. “मॅडम, पार्ट नवा, बिल पक्कं. हे जॉब कार्ड. आमचे सर्वांत जुने मेकॅनिक सुब्बाराव यांनी स्वतः काम केलंय. वय झालं की असं होतं. माझ्या आजोबांचंही...”

मी कार्डाचा फोटो काढला. त्याला आवडलं नाही ते.

पाण्याच्या मशीनपाशी संहिता माझ्या ओढणीला लोंबकळत म्हणाली, “आई, आजीची गाडी इथंच आजारी पडली का गं?”

मागून आवाज आला, “तुमी मराठी काय?”

साठीचा माणूस. खिशावर नाव शिवलेलं: सुब्बाराव. घरी मराठीच बोलतो म्हणाला, पिढ्यान् पिढ्या इथलेच. मी कार्डाचा फोटो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“बाई, मास्टर सिलिंडर बदलला की ओळीतली हवा काढावी लागते. एकानं आत बसून पेडल मारायचं, दुसऱ्यानं खाली नट सोडायचा. हे काम एकट्याचं नव्हेच. आमच्याकडं कार्डावर दोन नावं पडतात. इथं एकच आहे.”

“तुमचं.”

“नऊ जानेवारीला माझ्या लेकीचं, भव्याचं, सीमंत होतं, डोहाळजेवण. मी बसवनगुडीतच होतो, तिथल्या मठाच्या मागच्या हॉलात. दोनशे माणसं जेवली, विचारा कुणालाही.” ते इकडंतिकडं बघून हलक्या आवाजात म्हणाले, “गाडी इथं पाठवू नका. इथं आली की सोमवारी संध्याकाळपर्यंत तिच्यात खरोखरच नवा पार्ट असेल.”

आणि ती गाडी पाठवणारा माझा नवरा होता.

४

रघुनंदन महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून आला तेव्हा मी चहा केला नाही.

“गाडी न्यायला तू सांगितलंस?”

“हो. संहिता रोज त्या बंपरपाशी जाऊन उभी राहते. अण्णा खिडकीतून बघतात. मला ती गाडी डोळ्यांसमोर नकोय, सौम्या!”

“एवढंच?”

“म्हणजे काय? तुला काय वाटलं?”

काय वाटलं ते मी सांगितलं नाही. फक्त म्हटलं, “नऊ जानेवारीचे मेसेज दाखव.”

गाडी त्याच्या नावावर आहे, म्हणून शोरूमचे मेसेज त्यालाच येतात. काम पूर्ण झालं, मनासारखं झालं, असं मान्य करायला एक ओटीपी येतो. तो सांगितल्याशिवाय कार्ड बंद होत नाही. रघुनंदननं मीटिंगमधूनच तो फोनवर विनोदकुमारला सांगितला होता. वर पाच चांदण्याही दिल्या होत्या.

गाडी आत घेतल्याचा मेसेज: दहा बत्तीस. काम पूर्ण झाल्याचा ओटीपी: अकरा दहा.

“अडतीस मिनिटं,” मी म्हटलं. “त्यात धुणंही आलं.”

रघुनंदन खुर्चीत बसला. बराच वेळ त्या चांदण्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मी त्यांना म्हणालो होतो, अण्णा, तुमचं पेडल चुकलं. त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.”

“सोमवारपर्यंत वेळ आहे.”

“पण वेळा म्हणजे पुरावा नव्हे. ते म्हणतील, आमची माणसं भराभर काम करतात. गाडीत नवा सिलिंडर आहे की जुना, हे गाडीच सांगेल. सांगणार कोण?”

५

प्रतापराव सासूबाईंच्या माहेरचे शेजारी. जे. सी. रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, चाळीस वर्षांचं. शनिवारी सकाळी आले, फाटकापाशी चप्पल काढून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, “कृष्णाक्का इथंच का?” मी मान हलवली. मग ते कामाला लागले.

चारी चाकांना विटा लावल्या. गिअर काढलेला ठेवून इंजिन चालू केलं आणि स्वतः स्टिअरिंगला बसले. आधी वाहन खात्याच्या साहेबांसारखं ब्रेकवर धाड धाड पाय मारला. पेडल दगडासारखं.

“फस्क्लास आहे की.”

“आता हळू दाबून धरा,” मी म्हटलं. “सिग्नलला धरतो तसं.”

आणि मी बाजूच्या सीटवर बसले. सासूबाईंच्या. पट्टा अजून त्यांच्याच मापाचा होता. तिथून पेडल दिसत नाही, गुडघाच दिसतो.

मी आकडे मोजत होते. सातपर्यंत काही नाही. आठ, नऊ. प्रतापरावांच्या पँटची घडी हलली. गुडघा निघाला, हळू, झोप लागलेल्या माणसाची मान कलते तसा. खाली. आणखी खाली.

“अय्यो,” प्रतापराव म्हणाले. “मी सोडला नाही हं पाय. हे बघा, तळाला टेकला.”

इंजिन बंद करून त्यांनी सांगितलं. सिलिंडरच्या आत रबराचं सील असतं. ते झिजलं की तेल बाहेर सांडत नाही, आतल्या आत मागं फिरतं. जोरात हाणलं तर सील धरतं. हळू दाबून ठेवलं तर सोडतं. पाय उचलून परत मारला की पुन्हा धरतं.

“पण बायको समोर असताना ब्रेकवरचा पाय कोण उचलेल, अक्का?”

“म्हणजे पार्ट बदललाच नाही!”

“थांबा. नवाही खराब निघतो कधी. वर्कशॉप तेच म्हणणार.”

मी बॉनेट उघडलं. कडेला तेलाचा डबा, आणि त्यावर संहिताचा टिळा. काळपटलेला, धूळ बसलेला, पण तिथंच. मी जवळजवळ ओरडलेच, “हे आयुधपूजेचं! ऑक्टोबरचं! जानेवारीत नवा बसवला असता तर हे कसं राहिलं असतं?”

प्रतापरावांनी मान हलवली. “डबा प्लास्टिकचा आहे. नवा सिलिंडर बसवताना जुनाच डबा उपटून त्याच्यावर बसवतात. डबा जुना म्हणून सिलिंडर जुना, असं होत नाही. कोर्टात पहिल्या प्रश्नाला पडाल.”

मी तिथंच पायरीवर बसले. संहिता दारातून बघत होती. अण्णा खिडकीतून बघत होते, हे मला पाठीला जाणवत होतं. माझ्याकडे आता फक्त एक फोटो उरला होता.

६

फोटो मी बोटांनी मोठा केला. सासूबाईंचा हात, संहिताचं बोट, टिळा. आणि टिळ्यातून निघालेला ओघळ. मी पुसणार होते तो.

“प्रतापअण्णा, टॉर्च द्या.”

ओघळ डब्याच्या पोटावरून खाली येत होता. तिथं डबा सिलिंडरमध्ये बसतो, मध्ये रबरी कडं आहे. ओघळ त्या कड्यावरून गेला होता. पुढं धातूच्या सिलिंडरवर उतरला होता. तिथून वळून तो गाडीला धरणाऱ्या नटापर्यंत गेला होता, अर्धा नटावर, अर्धा पत्र्यावर. कुठंही तुटलेला नाही. फोटोत जसा, तसाच.

प्रतापरावांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि नाक जवळपास इंजिनात घातलं.

“डबा उपटला असता तर कड्यावर हा तुटला असता,” मी म्हटलं. “नवा सिलिंडर असता तर खालचा अर्धा नसताच. आणि नट फिरवला असता तर त्याच्यावरचं अर्धं आणि पत्र्यावरचं अर्धं जुळलं नसतं.”

“पाना लागलेलाच नाही,” ते म्हणाले. “ऑक्टोबरपासून हात लागलेला नाही ह्याला. सरी, ठीक आहे. आता ते दुसरं आणा, अण्णांनी घरी आणलेलं.”

खोकं माळ्यावर होतं. कोपरा फाटलेला, निळ्या टेपनं चिकटवलेला. तो टेप मी ओळखला. लाउंजमध्ये आमच्या आधी दहा मिनिटं त्या बाळवालीसमोर हेच खोकं उघडलं होतं. मला वाटलं होतं, यांची खोकी सारखीच असतात.

आतल्या सिलिंडरवर कुंकवाचा कणही नव्हता. आमच्या गाडीच्या नंबराची चिठ्ठी चिकटवलेली होती. प्रतापरावांनी नखानं ती सोलली. खाली दुसरी चिठ्ठी. तिच्याखाली तिसरीचा गोंद. ब्रेकच्या तेलानं शाई खाल्लेली, दुसऱ्या चिठ्ठीवर शेवटचे दोनच आकडे उरले होते: ५१.

“एक मेलेला सिलिंडर,” प्रतापराव म्हणाले, “आणि तो सगळ्यांना दाखवायचा. हा बघा तुमचा जुना. कुणी घरी नेत नाही, तेलकट असतो म्हणून. नवा पार्ट मागच्या दारानं बाजारात. माझ्याच रोडवर येत असेल.”

विनोदकुमारनं कुठल्याही मेकॅनिकला सांगितलंच नव्हतं. रजेवरच्या माणसाचं नाव टाकलं, घाईतल्या माणसाकडून ओटीपी घेतला, गाडी धुतली आणि परत दिली. चुकला तो एकदाच: अण्णांनी जुना पार्ट मागितला तेव्हा त्याला नाही म्हणता आलं नाही.

सगळं जुळलं होतं. एक सोडून. हे सगळं शोधायला मी गाडीपाशी गेलेच का, ते मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

मी अण्णांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या खुर्चीपुढं जमिनीवर बसून सांगितलं. सफरचंदाची फोड, गुडघा, बिल, माझं उत्तर. सगळं.

त्यांनी पायावरची नजर माझ्याकडे वळवली.

“म्हणजे तिला माहीत होतं.”

“हो.”

“आणि तुला.”

“हो, अण्णा.”

“फाटकापाशी जाताना तिनं एकदा वळून बघितलं होतं,” ते म्हणाले. “माझ्याकडे नाही. खाली. मी म्हटलं, काय बघतेस, लवकर उघड.”

मग त्यांनी उजवा पाय खुर्चीवरून खाली ठेवला. “कागद आण. लिहायचंय मला.”

पहिली ओळ त्यांनी मोठ्या, सरळ अक्षरात लिहिली: माझा पाय ब्रेकवरच होता.

७

सोमवारी उचलगाडी फाटकातूनच परत गेली. वाहन खात्याचे साहेब पुन्हा आले. या वेळी त्यांना पेडल हळू दाबून धरायला लावलं. ओघळाचे फोटो निघाले, सिलिंडर सील होऊन गेला. सुब्बारावांनी जबाब दिला आणि त्या दिवसापासून ते घरी बसून आहेत. विनोदकुमार कामावर येत नाही. अण्णा आता भात पूर्ण खातात, पण गाडीत बसत नाहीत, कुणाच्याच. माझ्याशी बोलतात. पूर्वीइतकं नाही.

त्या खोक्यातला सिलिंडर आणखी कुणाकुणाला दाखवला, त्याची यादी शोरूम देत नाही. कोर्टाचा हुकूम आणा म्हणतात. हुकूम येईल तेव्हा येईल. तोपर्यंत त्या गाड्या रस्त्यावर आहेत.

म्हणून हे लिहिलं.

ती बाई साधारण तिशीची आहे. उजव्या भुवईवर लहान व्रण. रोज उड्डाणपुलावरून इलेक्ट्रॉनिक सिटीला जाते, असं तिनंच मला सांगितलं. गाडी छोटी, ऑटोमॅटिक, वांगी रंगाची, ती निघताना मी काचेतून पाहिली होती; नंबराच्या शेवटी ५१. मागच्या काचेवर ‘गाडीत बाळ आहे’ असं सांगणारं पिवळं स्टिकर, एक कोपरा सुटलेला. बाळ आता सहा-सात महिन्यांचं असेल, बसायला लागलं असेल. तिच्या घरचे अजूनही म्हणत असतील, तुझ्याच पायात जोर नाही.

अशी कुणी तुमच्या इमारतीत, ऑफिसात, पाळणाघराच्या दारात दिसली तर तिला थांबवा. गाडी सपाट जागेवर लावून, गिअर काढून, चाकांना विटा लावून इंजिन चालू करायला सांगा. ब्रेक हळू दाबून धरू दे. तुम्ही बाजूच्या सीटवर बसा आणि वीसपर्यंत मोजा.

तिच्या गुडघ्याकडे बघा.